पाव मिलिमीटरची घसरण

हाताशी असलेले एखादे जाडसे पुस्तक घ्या. ते बंद ठेवून पानांच्या कडांवर पेन्सिलीने एक सरळ उभी रेघ ओढा. आता पुस्तकाची दोन्ही टोके धरून ते थोडे वाकवा. सरळ ओढलेली रेघ तिरपी झाली. प्रत्येक पान शेजारच्या पानावरून किंचित सरकले म्हणून असे झाले. आता पुस्तक पुन्हा सरळ करा, दोन्ही टोके चिमटीत अगदी घट्ट दाबून धरा म्हणजे पाने सरकणार नाहीत, आणि मग वाकवून पाहा. पुस्तक एकदम अडून बसते. कागद तोच आहे, पानेही तितकीच आहेत. मग हा ताठपणा आला कोठून?

या साध्या प्रश्नाच्या उत्तरावर आज जगातील हजारो पूल उभे आहेत. पोलादी तुळया आणि त्यांवर काँक्रीटची लादी असे पूल तुम्ही पाहिले असतील. रेल्वेमार्गावरून रस्ता नेणाऱ्या पुलाखाली उभे राहून वर पाहिले, तर पुष्कळदा इंग्रजी 'आय' अक्षराच्या आकाराच्या पोलादी तुळया आणि त्यांच्या माथ्यावर टेकलेली काँक्रीटची लादी दिसते. दोन वेगळ्या स्वभावाचे पदार्थ एकत्र आणून त्यांच्याकडून एकदिलाने काम करून घ्यायचे, या युक्तीला संमिश्र रचना म्हणतात. युक्ती नवी नाही. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाट्यांचा किंवा तुराट्यांचा कूड करून त्यावर शेणमातीचा गिलावा देण्याची पद्धत जुनी आहे. पऱ्हाटी ताण सोसते, माती दाब सोसते आणि वारा-पाऊस अडवते. नुसत्या मातीची इतकी पातळ भिंत उभी राहणार नाही आणि नुसता कूड वारा अडवणार नाही. पण माती कुडाला धरून आहे तोवरच हे खरे. गिलावा आतून सुटला की भिंत बाहेरून तशीच दिसते, हात लावला तर मात्र पोकळ वाजते.

पुलाचे तसेच आहे, आणि तेथे प्रश्न जिवाचा आहे. पोलाद आणि काँक्रीट यांचा बंध लादीच्या खाली झाकलेला असतो. तो शाबूत आहे की सुटला आहे, हे डोळ्यांना दिसत नाही. मग ते ओळखायचे कसे? त्यासाठी आधी एक प्रयोग करू या.

सुताराकडून सागवानाच्या अगदी सारख्या चार पट्ट्या कापून आणा. प्रत्येक १ मीटर लांब, ३० मिलिमीटर रुंद आणि ६ मिलिमीटर जाड. यांपैकी दोन पट्ट्या एकमेकींना लाकडाच्या सरसाने किंवा फेव्हिकॉलने पूर्ण लांबीभर चिकटवा आणि वर वजन ठेवून एक दिवस वाळू द्या. उरलेल्या दोन सुट्याच राहू द्या. दोन स्टुलांमध्ये ९० सेंटिमीटर अंतर ठेवा. मधोमध टांगण्यासाठी एक लिटर पाण्याची बाटली हे झाले एक किलोग्रॅम वजन. रिकामी बाटली जितकी हलकी तितके चांगले. पट्टीच्या मध्याशी एक मोजपट्टी उभी करा आणि एक दोरा दोन्ही आधारांच्या पातळीत ताणून बांधा, म्हणजे मधला भाग किती खाली आला, अर्थात झोल किती पडला, हे वाचता येईल. वजन टांगण्यापूर्वीचे वाचन लिहून ठेवायला विसरू नका. पट्टी स्वतःच्या वजनानेही थोडी वाकलेली असते.

किती झोल पडेल हे आधी हिशेबाने काढू. मध्यावर भार असलेल्या तुळईसाठी नियम असा आहे:

झोल = भार × (आधारांमधील अंतर)³ ÷ (४८ × यंगचा गुणांक × आकारांक)

यांतील यंगचा गुणांक पदार्थाचा आहे. सागवानासाठी तो दर चौरस मिलिमीटरला सुमारे १०,००० न्यूटन धरू. आकारांक हा शब्द मी सोयीसाठी वापरला आहे. अभियंत्यांच्या पुस्तकांत त्याला बरेच जड नाव आहे. आयताकृती छेदासाठी तो रुंदी × (जाडी)³ ÷ १२ इतका येतो. जाडीचा घन येथे आहे हे ध्यानात ठेवा, पुढची सारी गंमत त्या घनात आहे.

एका पट्टीचा आकारांक ३० × २१६ ÷ १२ = ५४०. भार ९.८ न्यूटन. आकडे घालून पाहिले तर झोल येतो सुमारे २८ मिलिमीटर. दोन सुट्या पट्ट्या एकीवर एक ठेवल्या तर प्रत्येकीच्या वाट्याला निम्मा भार येतो, म्हणून झोल १४ मिलिमीटर. आणि चिकटवलेली जोडी? ती आता १२ मिलिमीटर जाडीची एकच पट्टी झाली. जाडी दुप्पट म्हणजे आकारांक आठपट. झोल २८ चा आठवा भाग, म्हणजे साडेतीन मिलिमीटर!

तेव्हा लाकूड तेवढेच असूनही सुट्या जोडीचा झोल १४ आणि चिकटलेल्या जोडीचा साडेतीन. ताठपणा चौपट. सरसाचे वजन नगण्य आणि त्याची स्वतःची ताकदही लाकडापुढे फारशी नाही. त्याने काम एकच केले, पट्ट्यांना एकमेकींवरून घसरू दिले नाही. सुट्या पट्ट्या वाकल्या की वरच्या पट्टीची खालची बाजू ताणली जाते आणि खालच्या पट्टीची वरची बाजू आक्रसते. एकमेकींना टेकलेल्या या दोन बाजूंची लांबी वेगवेगळी झाल्याने टोकाशी त्या एकमेकींपुढे सरकतात, अगदी पुस्तकाच्या पानांसारख्या. ही घसरण किती असते? टोकाशी पट्टीला आलेला कल गुणिले एका पट्टीची जाडी. आपल्या प्रयोगात कल सुमारे ०.०४६ आणि जाडी ६ मिलिमीटर. गुणाकार येतो ०.२८ मिलिमीटर.

म्हणजे जेमतेम पाव मिलिमीटर! नखाच्या जाडीहून कमी. एवढीशी घसरण रोखली की ताठपणा चौपट होतो आणि एवढीशी घसरू दिली की तो चतुर्थांशावर येतो. पुलाचा बंध डोळ्यांनी तपासणे किती अवघड आहे, याची कल्पना यावरून यावी.

आता सरसाऐवजी स्क्रू वापरून पाहा. येथे एक गंमत आहे आणि ती स्वतः करून पाहण्यासारखी आहे. सुट्या पट्ट्यांच्या बरोबर मध्यावर, जेथे वजन टांगतो तेथेच, एक घट्ट स्क्रू मारा. बहुतेकांचा अंदाज असा असतो की झोल सर्वांत जास्त मध्यावर आहे, तेव्हा बांधायलाही हीच जागा उत्तम. पण वाचन घ्याल तर झोल पूर्वीइतकाच, १४ मिलिमीटरच्या आसपास! कारण उघड आहे. डावी आणि उजवी बाजू सारखी असल्याने मध्यावर घसरण मुळात नसतेच. जेथे घसरण नाही तेथे ती रोखून काय मिळणार? तोच स्क्रू काढून दोन्ही आधारांवर एकेक मारा. घसरण सर्वांत जास्त तेथे असते. स्क्रू जराही हलत नाहीत असे धरले तर हिशेबाने झोल सुमारे ६ मिलिमीटरवर येतो. प्रत्यक्षात छिद्रात थोडी ढिलाई राहते, म्हणून तुमचे वाचन यापेक्षा काहीसे जास्त येईल. किती जास्त, त्यावरून तुमच्या सुतारकामाची परीक्षा होईल.

खऱ्या पुलात सरसाचे किंवा स्क्रूचे काम पोलादी खुंट्या करतात. तुळईच्या माथ्यावर १९ किंवा २२ मिलिमीटर व्यासाच्या, वर टोपी असलेल्या खुंट्या वितळजोडाने बसवतात आणि मग त्यांच्याभोवती लादीचे काँक्रीट ओततात. काँक्रीट कठीण झाले की खुंट्या त्यात रुतून बसतात. त्यांची टोपी लादीला वर उचलू देत नाही आणि त्यांचा दांडा तिला आडवी घसरू देत नाही. आधारांजवळ खुंट्या सहसा दाट बसवलेल्या आणि मध्याकडे विरळ केलेल्या असतात. तुमच्या स्क्रूंच्या प्रयोगानंतर याचे नवल वाटायला नको.

पोलाद आणि काँक्रीट यांच्या कामाची वाटणीही पाहण्यासारखी आहे. दोन आधारांवरील तुळई वाकली की तिचा वरचा भाग दाबला जातो आणि खालचा ताणला जातो. काँक्रीट दाब उत्तम सोसते, पण ताण सोसण्याची त्याची शक्ती दाबाच्या सुमारे दहाव्या भागाइतकीच असते. पोलाद ताणाला पक्के, पण पातळ पोलादी पत्रा दाबाखाली फुगून वाकडा होतो. तेव्हा काँक्रीट वर आणि पोलाद खाली, ही मांडणी दोघांच्याही गुणांना धरून आहे. शिवाय एक भाग्याची गोष्ट आहे. तापमान एक अंशाने वाढले की पोलाद दर दहा लाख भागांत सुमारे १२ भाग वाढते आणि काँक्रीट सुमारे १० भाग. हे आकडे इतके जवळ नसते, तर आपल्याकडच्या मे महिन्यातील ४५ अंशांच्या दुपारी आणि डिसेंबरच्या १० अंशांच्या पहाटे हे दोन सोबती वर्षानुवर्षे एकमेकांपासून तुटत राहिले असते.

सगळ्याच जोडीदारांचे असे जमत नाही. बांबूचेच पाहा. बांबू स्वतःच निसर्गाने घडवलेला संमिश्र पदार्थ आहे. लांबच लांब चिवट तंतू आणि त्यांना धरून ठेवणारे मऊ ऊतक अशी त्याची रचना. नळीच्या बाहेरच्या अंगाला, जेथे वाकताना ताण सर्वांत जास्त येतो, तेथे तंतू दाट असतात आणि आत विरळ. कोणा अभियंत्याने आखावे तसेच! मग लोखंडी सळ्यांऐवजी बांबूच्या कामट्या काँक्रीटमध्ये का घालू नयेत? हा विचार अनेकांनी केला आहे. १९६६ मध्ये अमेरिकी नौदलाच्या एका अभियांत्रिकी प्रयोगशाळेने यावर तपशीलवार अहवाल काढला होता. अडचण ताकदीची नव्हती, बंधाची होती. ओल्या काँक्रीटमधले पाणी पिऊन बांबू फुगतो आणि पुढे वाळला की आक्रसतो. मग त्याच्याभोवती बारीकशी फट राहते आणि आपली ओळखीची घसरण सुरू होते. उपाय म्हणून बांबूवर डांबराच्या पायसाचा हात द्यावा असे त्या अहवालात सुचवले होते. पण हा हात पातळच असावा, जाड थर वंगणाचे काम करतो आणि बंध उलट ढिला करतो, अशी सूचनाही सोबत होती. पाणी थांबवणारा थर जर बांबूला निसटायला मदत करू लागला, तर कमावलेले सगळे गमावले!

बांबूचा असाच एक मोठा प्रयोग आपल्या जिल्ह्याशी जोडलेला आहे. वणीहून वरोऱ्याकडे जाणारा महामार्ग तुमच्यापैकी काहींच्या पायाखालचा असेल. मार्च २०२३ मध्ये केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक खात्याने जाहीर केले की या महामार्गावर २०० मीटर लांबीचा बांबूचा अपघातरोधक कठडा बसवला असून तो जगातील असा पहिलाच आहे. त्याला 'बाहु बल्ली' असे नाव देण्यात आले. बालकोआ जातीचा बांबू घेऊन त्यावर क्रिओसोट तेलाची प्रक्रिया केली आणि वर पुनर्वापर केलेल्या उच्च घनतेच्या पॉलिएथिलीनचा लेप दिला. बांबूचे तंतू भार घेणार, तेल कीड-बुरशीला दूर ठेवणार आणि प्लास्टिकचा लेप पाणी अडवणार. म्हणजे हा तीन पदार्थांचा संसार झाला. कठड्याची चाचणी इंदूरजवळ पीथमपूर येथील राष्ट्रीय वाहन चाचणी केंद्रात आणि आगीची परीक्षा रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेत झाली.

आता कठडा म्हणजे तरी काय? आडवी निजलेली तुळईच ती. खांब हे तिचे आधार आणि भार येतो तो वरून नव्हे, बाजूने. फरक एवढाच की पुलावरचा भार सावकाश येतो आणि जातो, कठड्यावर तो क्षणात आदळतो. येथे ऊर्जेचा हिशेब लागतो. १,००० किलोग्रॅमची मोटार ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर वेगाने जात असेल तर तिची गतिज ऊर्जा २,००,००० जूल होते. हीच मोटार सुमारे २० मीटर उंचीवरून खाली टाकण्यासारखे हे आहे. पण मोटार कठड्यावर सहसा तिरकी आदळते. कोन २० अंशांचा असेल तर कठड्याच्या दिशेने वेगाचा ०.३४ भागच येतो. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, तेव्हा कठड्याला जिरवावी लागणारी ऊर्जा २३,००० जूलच्या आसपास उरते. ही ऊर्जा वाकून, चिरडून, हवे तर तंतू तुटू देऊन जिरवायची, पण मोटारीला पलीकडे जाऊ द्यायचे नाही, हे कठड्याचे काम. पुलाने मात्र कमीत कमी वाकायचे आणि भार गेला की मूळ जागी परत यायचे. एकाच पदार्थाकडून किती वेगळ्या अपेक्षा! म्हणूनच पदार्थ मजबूत आहे एवढे म्हणून भागत नाही, कशासाठी मजबूत हे विचारावे लागते आणि चाचणीही त्या कामासारखीच घ्यावी लागते.

पूल बांधण्यापूर्वी तो कसा वागेल याचा अंदाज घेण्यासाठी अभियंते प्रतिकृती वापरतात. सर्वांत सोपी प्रतिकृती कागदावरची. काँक्रीटचा यंगचा गुणांक दर चौरस मिलिमीटरला सुमारे ३०,००० न्यूटन आणि पोलादाचा २,००,००० न्यूटन, म्हणजे जवळजवळ सातपट. तेव्हा २१० सेंटिमीटर रुंदीची काँक्रीटची लादी ही तेवढ्याच जाडीच्या ३० सेंटिमीटर रुंद पोलादी पट्टीबरोबर मानायची. मग सगळी तुळई कल्पनेत पोलादाची होते आणि वरचे झोलाचे सूत्र लावता येते. मात्र त्यात एक गृहीत धरलेले असते, की घसरण शून्य आहे.

दुसरी प्रतिकृती लहान आकाराची. येथे नवशिके हटकून फसतात. १/१० आकाराची प्रतिकृती त्याच पदार्थांची केली तर तिचे वजन हजारावा भाग होते, कारण लांबी, रुंदी, उंची तिन्ही दहापट घटतात. छेदाचे क्षेत्रफळ मात्र शंभरावाच भाग होते. म्हणजे स्वतःच्या वजनाने प्रतिकृतीत निर्माण होणारा ताण खऱ्या पुलाच्या दहाव्या भागाइतकाच राहतो. मुंगी स्वतःच्या कितीतरी पट वजन उचलते आणि हत्ती उचलत नाही, त्यामागेही हाच हिशेब आहे. गॅलिलिओने १६३८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तो मांडला होता. म्हणून प्रतिकृतीवर जादा वजने लटकवून ही तूट भरून काढावी लागते. विज्ञान प्रदर्शनात आइस्क्रीमच्या काड्यांचा पूल करून त्यावर वजने ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. तो पूल वीस किलो पेलतो याचा अर्थ दहापट मोठा पूल त्याच प्रमाणात पेलेल असा नाही.

तिसरी प्रतिकृती संगणकातली. पूल हजारो लहान तुकड्यांत कल्पायचा, प्रत्येक तुकड्याला सोपे नियम लावायचे आणि शेजारचे तुकडे एकमेकांशी जुळते ठेवून सगळी समीकरणे एकदम सोडवायची. या पद्धतीला 'सांत घटक' हे नाव अमेरिकी अभियंता रे क्लफ यांनी १९६० मध्ये दिले. पोलाद आणि लादी यांच्यामधल्या खुंट्या येथे लहान लहान स्प्रिंगांच्या रूपात घालता येतात. पण त्या स्प्रिंगा किती ताठ? हे संगणक सांगत नाही, ते आपण त्याला सांगायचे असते. प्रयोगशाळेत खुंट्या बसवलेले नमुने दाबून, भार आणि घसरण मोजून हा आकडा मिळवावा लागतो. शेवटी पुन्हा मोजमापाशीच येऊन पोहोचतो.

तेव्हा पूल बांधून झाल्यावर, किंवा जुन्या पुलाबद्दल शंका आल्यावर, त्याची भारचाचणी घेतात. वजन केलेले, खडीने भरलेले ट्रक ठरलेल्या जागी उभे करतात आणि झोल मोजतात. भार टप्प्याटप्प्याने वाढवायचा, पूर्ण भार चोवीस तास ठेवायचा, मग उतरवायचा आणि आणखी चोवीस तासांनी पूल किती परत वर आला ते पाहायचे. भारतीय रस्ते परिषदेच्या मार्गदर्शक नियमांप्रमाणे सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या पुलाने झोलाच्या किमान ७५ टक्के आणि पूर्वप्रतिबलित काँक्रीटच्या पुलाने ८५ टक्के परत यावे लागते. समजा, २० मिलिमीटर झोल पडला आणि भार काढल्यावर दुसऱ्या दिवशी ५ मिलिमीटर शिल्लक राहिला. १५ मिलिमीटर परत आले, म्हणजे ७५ टक्के. पहिल्या प्रकारचा पूल काठावर उत्तीर्ण, दुसऱ्या प्रकारचा नापास.

या कामात उन्हाचा फार उपद्रव होतो. दुपारी लादी तापते, तिच्याखालची सावलीतली तुळई त्या मानाने थंड असते. वरचा भाग जास्त प्रसरण पावला की पूल मध्यावर फुगून वर येतो आणि हा फुगवटा मोजायच्या झोलाच्या जोडीचा असू शकतो. म्हणून भार नसतानाही दिवसभर तासातासाला झोल आणि तापमान यांची वाचने घेऊन आधी उन्हाचा हिस्सा काढून ठेवतात. पांढरकवड्याहून पाटणबोरीमार्गे आदिलाबादकडे जाताना राष्ट्रीय महामार्ग ४४ पैनगंगा ओलांडतो. अशा लांब पुलांवरून एस.टी. जाताना ठरावीक अंतराने 'खटक्-खटक्' असा आवाज येतो. तो या प्रसरणासाठी ठेवलेल्या सांध्यांचा. ३० मीटरचा गाळा ३५ अंशांच्या फरकाने १२ मिलिमीटरच्या आसपास लांब होतो.

आता मूळ प्रश्न, बंध सुटला आहे का? अभियंता दोन आकडे आधी काढून ठेवतो. बंध पूर्ण शाबूत असेल तर झोल किती, आणि अजिबात नसेल तर किती. आपल्या पट्ट्यांचे साडेतीन आणि चौदा, तसे. मोजलेला झोल या दोहोंत कोठे पडतो ते पाहिले की निकाल लागला, असे तुम्ही म्हणाल. पण खऱ्या पुलात कठडे, पदपथ, वरचा डांबरी थर हेही थोडा भार उचलतात आणि पूल हिशेबापेक्षा ताठ दिसू शकतो. एक दोष आणि एक फुकटचा आधार एकमेकांना झाकून टाकतात. माझ्या मते नुसत्या झोलावर विसंबण्यातला हा मोठा धोका आहे.

म्हणून विकृतिमापक लावतात. हे उपकरण म्हणजे पातळ कागदावर नागमोडी बसवलेली बारीक तार किंवा धातूची पन्नी. १९३८ मध्ये अमेरिकेत एडवर्ड सिमन्स आणि आर्थर रूज यांनी ते स्वतंत्रपणे शोधले. पुलाच्या पृष्ठभागावर चिकटवले की पृष्ठभागाबरोबर तार ताणली जाते, ती लांब व बारीक होते आणि तिचा विद्युत्-रोध किंचित वाढतो. शाळेच्या पुस्तकातला रोधाचा नियम येथे कामाला येतो. मीटरमागे दहा मायक्रोमीटर इतके ताणले जाणेसुद्धा याने मोजता येते. तुळईच्या तळापासून लादीच्या माथ्यापर्यंत असे पाच-सहा मापक लावायचे आणि वाचनांचा आलेख काढायचा. बंध शाबूत असेल तर सगळे बिंदू एका सरळ रेषेत येतात, खाली ताण, वर दाब. बंध सुटला असेल तर तुळई आणि लादी यांच्या सांध्यापाशी रेषा तुटते आणि तेथे पायरी दिसते. तुळईचा माथा आक्रसतो आहे आणि त्याला टेकलेला लादीचा तळ ताणला जातो आहे, म्हणजे दोघे एकमेकांवरून घसरत आहेत. जी घसरण डोळ्यांना दिसत नव्हती ती आलेखावर उघडी पडली!

याहून सोपी एक परीक्षा कानाची आहे. तुळई कंप पावते तेव्हा तिची वारंवारता ताठपणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते. वजन तेच राहून ताठपणा चतुर्थांश झाला तर वारंवारता निम्मी होते, म्हणजे स्वर बरोबर एक सप्तक खाली उतरतो. चिकटवलेली आणि सुटी अशा दोन्ही जोड्या टेबलाच्या कडेशी सारख्याच लांबीने बाहेर ठेवून, आतले टोक घट्ट दाबून झंकारून पाहा. सुट्या जोडीचा कंप मंद असतो आणि लवकर विरतो, कारण घसरताना घर्षणात ऊर्जा जाते. पुलावर मापक बसवून ट्रक गेल्यानंतरचे कंप नोंदवतात. वर्षानुवर्षांच्या नोंदींत वारंवारता उतरत गेली, तर आत काहीतरी सैल होत आहे असे समजावे.

सगळ्या प्रश्नांची उत्तरे या चाचण्या देतात असे मात्र नाही. २८ सप्टेंबर २०२१ रोजी उमरखेड तालुक्यात दहागावजवळच्या नाल्यावर, पुलावरून पुराचे पाणी वाहत असताना एक एस.टी. बस वाहून गेली आणि त्यात माणसे दगावली. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिश काळातला दगडी कमानींचा पूल पुरात कोसळला, तेव्हाही एस.टी.च्या दोन बसगाड्या गेल्या. पुराचे पाणी पुलाला वरून दाबत नाही. ते आडवे ढकलते आणि पायाखालची माती उकरून नेते. कोरड्या दिवशी लादीवर ट्रक उभे करून घेतलेल्या चाचणीत यांपैकी काहीच कळत नाही, त्यासाठी पात्रात उतरून पायाशी किती खोल खणले गेले ते मोजावे लागते. आणि पुलावरून पाणी वाहत असेल तर चाचणी उत्तीर्ण झालेला पूलसुद्धा ओलांडू नये.

शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात घेतल्यास पट्ट्यांचे तीन संच करावेत म्हणजे गट पाडता येतील. सरस, स्क्रू आणि नुसती सुतळी बांधलेली जोडी यांची वाचने फळ्यावर शेजारी शेजारी मांडली की मुले आपोआप वाद घालू लागतात. जाता जाता दोन प्रश्न. तीन सारख्या पट्ट्या पूर्ण चिकटवल्या तर तीन सुट्या पट्ट्यांच्या मानाने ताठपणा किती पट होईल? आणि दोन पट्ट्यांना फक्त एका टोकाशी, एकाच आधारावर स्क्रू मारला तर झोल १४ मिलिमीटरहून कमी होईल का? पहिल्याचे उत्तर कागदावर मिळेल. दुसऱ्यासाठी आधी अंदाज लिहून ठेवा आणि मग बाटली टांगा.